यंत्रातला तंबोरा

मैफलीत तंबोऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. गायकाच्या मागे, थोडा अंधारात, एखादा शिष्य मांडी घालून बसलेला असतो. त्याच्या बोटांची हालचाल इतकी संथ आणि एकसारखी असते, की थोड्याच वेळात शिष्यही दृष्टीआड होतो आणि त्याच्या हातातले वाद्यही. पण तो झंकार मध्येच थांबला, तर साऱ्या सभेला ते जाणवते. काय थांबले हे श्रोत्याला कदाचित सांगता यायचे नाही. पायाखालची सतरंजी कोणी ओढून घ्यावी तसे काहीतरी झाले, एवढे मात्र कळते.

हा झंकार आज असंख्य घरांत तारेवाचून निघतो. बेंगळुरूच्या बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम् यांसारख्या जुन्या वस्त्यांत पहाटे गाण्याचा रियाज चालतो, तेव्हा स्वर देणारे वाद्य बहुधा एखाद्या पुस्तकाएवढी पेटी असते. त्याच शहरातल्या नव्या वसाहतींत, दिवसभर कचेरीत संगणकासमोर बसणारी तरुण मंडळी रात्री घरच्या संगणकावर गाणी रचतात. त्यांच्या खोलीत तर पेटीही नसते. तंबोरा, सतार, वीणा, व्हायोलिनांचा ताफा, हे सारे संगणकाच्या पोटात साठविलेले असते. पडद्यावर वाद्याचे चित्र उमटते, कीबोर्डाची पट्टी दाबली की तार छेडल्याचा आवाज येतो. लाकूड नाही, भोपळा नाही, तार नाही. उरतो तो नाद. तो खरा किती आणि आभास किती, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे, आणि बेंगळुरूत तो विचारणे अनेक अर्थांनी समर्पक आहे.

पहिले कारण असे, की तंबोऱ्याला पेटीत आणण्याचा उद्योग ज्यांनी प्रथम चिकाटीने केला, त्यांतले एक प्रमुख नाव याच शहरातले. जी. राज नारायण हे पेशाने अभियंते. हिंदुस्थान एरोनॉटिक्स या विमाने बांधणाऱ्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली. पण ते कर्नाटक संगीतातले बासरीवादकही. बासरी झोळीत घालून नेता येते, तंबोऱ्याचे तसे नाही. चार-पाच फूट लांबीचे वाद्य, त्याचा भोपळा अंड्याच्या कवचासारखा जपावा लागणारा. ते आगगाडीच्या डब्यात चढवावयाचे, उतरवावयाचे, मुक्कामी पोहोचल्यावर सर्दावलेल्या तारा पुन्हा चढवावयाच्या, आणि छेडण्यासाठी आणखी एक माणूस बरोबर ठेवावयाचा. १९७९ च्या सुमारास राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी सिद्ध केली आणि त्यातून ‘रॅडेल’ ही संस्था वाढली. पुढे तिच्या ‘रागिणी’ आणि ‘तालमाला’ या पेट्या देशभरच्या संगीतशिक्षकांच्या घरी जाऊन पोहोचल्या, आणि वीणेचा नाद इलेक्ट्रॉनिक रीतीने निर्माण करणारी डिजिटल वीणाही तिने तयार केली. स्वर चढविण्या-उतरविण्याची एक कळ, छेडण्याची गती ठरविणारी दुसरी. या दोन कळांनी हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींच्या विद्यार्थ्यांची केवढी सोय केली, हे एकट्याने रियाज करणाऱ्यालाच विचारावे.

दुसरे कारण अधिक जुने आहे. तंबोऱ्याच्या नादाचे कोडे शास्त्रीय रीतीने प्रथम उलगडले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. नोबेल पारितोषिक मिळण्याच्या नऊ वर्षे आधी, १९२१ साली, कलकत्त्यात असताना त्यांनी तंबोरा आणि वीणा या वाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. १९३३ साली ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होऊन आले आणि १९७० साली मृत्यू येईपर्यंत याच शहरात राहिले. त्या निबंधातला मुद्दा असा. ताणलेली तार छेडली म्हणजे तिच्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात. ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराच्या कंपनात तार स्थिर असते, नेमक्या त्याच बिंदूवर ती छेडली, तर तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातला जुना नियम. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनांचा, वरच्या षड्जाचा स्वर उमटता कामा नये. तंबोरा हा नियम पाळीत नाही. तार कोठेही छेडा, तो उपस्वर खणखणीत ऐकू येतो.

असे होते याचे कारण घोडी. व्हायोलिनची घोडी धारदार असते. तार तिच्या कडेवर टेकते आणि तेथेच संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाकार असते. तार तिच्या पाठीवरून निसटता स्पर्श करीत जाते, आणि तिच्याखाली सुताचा एक धागा सरकवून तो स्पर्श केसभर कमी-जास्त करता येतो. तार हलू लागली की प्रत्येक हेलकाव्यात ती घोडीच्या पाठीला चिकटते आणि सुटते. या चिकटण्या-सुटण्याने खालच्या स्वरांतली शक्ती वरच्या उपस्वरांना मिळत राहते. म्हणूनच तंबोऱ्याची तार छेडल्याबरोबर सारे सांगून मोकळी होत नाही. आघातानंतर क्षणभराने तिचा नाद फुलतो, आणि मग उपस्वरांची एक लड हळूहळू वरून खाली उतरत जाते. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो तो यामुळेच. तो कोणी छेडलेला नसतो. तो स्वयंभू असतो.

रामन यांनी जे शास्त्राच्या भाषेत सांगितले, ते मिरजेचे कारागीर कानशीने सांगत आले आहेत. बेंगळुरूहून हुबळी-बेळगावमार्गे पुण्याकडे येणारी आगगाडी ज्या मिरजेला थांबते, तेच हे गाव. येथील शिकलगार हे मुळात शस्त्रांना धार लावणारे लोक. तलवारींची मागणी ओसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून हे हात तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठी पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून येथे येतात. त्यांवर तबली, दांडी, खुंट्या चढतात. हे सुतारकाम कौतुकाचे खरेच, पण तंबोऱ्यात प्राण येतो तो जवारी काढताना. कारागीर घोडीच्या पाठीवरून कानस फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, तार उतरवितो, पुन्हा फिरवितो. यासाठी मापाची पट्टी नाही. कोणाला जवारी खुली हवी असते, कोणाला गोल. पुरुषाच्या आवाजाची निराळी, बाईच्या आवाजाची निराळी. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांचे दीर्घ वास्तव्य मिरजेत होते, ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते; गवयाचा कान आणि कारागिराचा हात एकाच माणसाच्या ठायी असण्याचे ते उत्तम उदाहरण होय.

आता हा सगळा व्यवहार संगणकात कसा उतरवावयाचा? त्याच्या दोन वाटा आहेत. पहिली साधी. खरे वाद्य ध्वनिमुद्रणगृहात न्यावे, उत्तम वादकाकडून एकेक स्वर हलका, मध्यम, जोरकस असा छेडवून घ्यावा, आणि हे सारे नमुने कीबोर्डाच्या पट्ट्यांना बांधून टाकावेत. ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला ‘मेलोट्रॉन’ नावाचे वाद्य निघाले. त्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे आणि त्यावर व्हायोलिनांचा किंवा बासऱ्यांचा एकेक स्वर मुद्रित केलेला असे. पट्टी दाबून धरली तर सुमारे आठ सेकंदांनी फीत संपे आणि व्हायोलिने एकदम मुकी होत. फितीची ती अडचण आता उरली नाही, परंतु तत्त्व तेच आहे.

या रीतीत नाद अस्सल असतो, कारण तो खऱ्या तारेचाच असतो. अडचण येते ती दोन नादांच्या मध्ये. सतारीवर पडद्यापाशी तार ओढून षड्जावरून गांधारावर, मध्यमावर जाता येते. त्या मिंडेतच सतारीचे सतारपण. संगणकाला मिंड हवी असली, की तो मुद्रित स्वरालाच वेगाने फिरवून उंच करतो. पण असे करताना तारेबरोबर भोपळ्याचाही आवाज उंच होतो. प्रत्यक्षात तार ताणली म्हणून भोपळा आकसत नाही. त्याचा घुमारा जसाच्या तसा राहतो. संगणकातल्या मिंडेत मात्र जणू स्वर चढता चढता भोपळाही लहान लहान होत जातो. ऐकणाऱ्याला दोष सांगता येत नाही. ‘हे काही खरे वाटत नाही’ एवढेच तो म्हणतो. तीच गोष्ट तरफांची. सतारीच्या तरफा रागाप्रमाणे जुळवावयाच्या असतात. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्या यमनाला जुळविलेल्या असतील, तर ते नमुने घेऊन घरी भैरव रचणाऱ्याच्या गाण्यात तीव्र मध्यम आणि शुद्ध ऋषभ पाहुण्यासारखे गुणगुणत राहणार.

दुसरी वाट नाद साठविण्याची नव्हे, तार साठविण्याची आहे. तारेच्या हालचालीचे गणित संगणकाला द्यावयाचे आणि नाद त्याच्याकडून त्या त्या क्षणी निर्माण करून घ्यावयाचा. १९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी अमेरिकेत याची एक थक्क करणारी सोपी युक्ती प्रसिद्ध केली. खरखरीचा एक क्षुद्र तुकडा घ्यावा, तो पुनःपुन्हा फिरवीत राहावा, आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढीत जावे. एवढ्याने छेडलेल्या तारेसारखा नाद निघतो. टोकदार उपस्वर आधी विझतात आणि मूळ स्वर मागे रेंगाळतो, अगदी गिटारीसारखा. पण तंबोऱ्याची तार शहाण्यासारखी विझत नाही, ती आधी फुलते. तार आणि घोडी यांच्या त्या लपंडावाचे गणित सेकंदाला हजारो वेळा सोडवावे, तेव्हा कोठे जवारीची छाया दिसू लागते. २०१६ साली आयर्लंड बेटावरील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी चालू वेळेत वाजेल असा तंबोऱ्याचा गणिती नमुना मांडला; त्यात धागा सरकविण्याचा परिणामही हिशेबात धरला होता. रामन यांच्या निबंधानंतर पंचाण्णव वर्षांनी सुताच्या एका धाग्याला मिळालेला हा मान थोडा नव्हे.

घरी गाणी रचणाऱ्याला या विद्वत्तेशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याला कर्तव्य आहे, आणि ते अगदी व्यावहारिक आहे. संगणकाचा कीबोर्ड पाश्चात्त्य समस्वरांत लावलेला असतो. सप्तकाचे बारा सारखे भाग. एका अर्ध्या स्वराचे १०० भाग कल्पिले, तर खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार कीबोर्डाच्या गांधाराहून सुमारे १४ भागांनी खाली असतो. मागे तंबोऱ्याचा नमुना वाजतो आहे आणि पुढे कीबोर्डावरची सतार शुद्ध गांधारावर ठेहराव करते आहे, अशा वेळी दोन गांधार एकमेकांना घासत राहतात. रचनाकाराला काहीतरी खटकते; तो आवाज वाढवितो, प्रतिध्वनी मिसळतो, आणखी चार व्हायोलिने घालतो. खटक जात नाही. वस्तुतः बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक स्वर वेगळा जुळविण्याची सोय असते. तो गांधार कानाने ऐकत खाली उतरविला की चार व्हायोलिनांचे काम उरत नाही. तसेच, मुद्रित तंबोऱ्याचा तोच तुकडा गोल गोल फिरू दिला, तर पाच-दहा मिनिटांत कानाला त्याचा सांधा सापडतो आणि मग दुसरे काही ऐकूच येत नाही. छेडण्यात थोडी अनियमितता राखणारी, एकाच स्वराचे अनेक नमुने आलटूनपालटून वाजविणारी व्यवस्था निवडावी. माणसाचे बोट दोनदा सारखे पडत नाही; यंत्राचे बोटही तसे पडू द्यावे.

मात्र यात सारे सोयीचेच आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. पूर्वी गाणे शिकणाऱ्या मुलाला गुरू प्रथम तंबोरा लावावयास बसवीत. पंचमाची तार, जोडीच्या दोन तारा, खर्ज. आधी खुंट्या, मग मणी, मग सूत. त्यात तास जाई, कधी महिने जात. जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की त्यांच्यात एक कंप उठतो. सूर जवळ येतील तसा तो मंदावतो, आणि मिळाले की नाहीसा होतो. हा कंप ऐकण्याची, त्याच्या मागोमाग खुंटी पिळण्याची सवय हेच खरे श्रुतिज्ञान. ते ग्रंथातून मिळत नाही आणि दुसऱ्याने करून दिले तरी मिळत नाही. पेटीने नेमके हेच काम विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतले. कळ फिरविली, स्वर आला; तो का बरोबर आहे हे ओळखण्याचा प्रसंगच उरला नाही. एका पिढीचा गळा तयार होत असताना कान आळसावला, तर ते नुकसान कोणत्याही सोयीने भरून येण्यासारखे नाही. गळ्याच्या चुका दुसऱ्याला ऐकू येतात. कानाच्या चुका ज्याच्या त्याला ऐकू येत नाहीत.

याच आकाशवाणीच्या इतिहासात असा एक वाद होऊन गेला आहे. १९४० साली तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. तिचे स्वर ठोकळ्यासारखे बसविलेले, तिच्यात मिंड नाही, तिच्या सहवासाने गाणाऱ्याचा कान बिघडतो, असा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होते. तरीही महाराष्ट्रातल्या घराघरांत, कीर्तनांत, नाटकांत पेटी वाजतच राहिली, आणि १९७० नंतरच्या काळात ती बंदी शिथिल करावी लागली. ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झाले होते त्यांना पेटीने बिघडविले नाही. ज्यांनी पेटीवरूनच स्वर शिकला त्यांच्या बाबतीत आक्षेपकांचे म्हणणे बरेचसे खरे ठरले. संगणकातल्या वाद्यांना हाच न्याय लावावयास हवा. बंदीने येथेही काही साधावयाचे नाही. गाणी रचणाऱ्या मुलाला वर्षभर एक खरा तंबोरा, जुना आणि स्वस्तातला का होईना, जुळवीत बसविले, तर संगणकातल्या शंभर तंबोऱ्यांतून चांगला कोणता हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

कारागिरांचे काय, हा प्रश्न राहतो. पेट्या आल्या तशी तंबोऱ्यांची मागणी घटली, हे कोणी नाकारीत नाही. पूर्वी प्रत्येक संगीतवर्गात दोन तंबोरे असत, तेथे आता एक पेटी भागवून नेते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण होईल. हाताला काम मिळेलच असे नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संगणकातला प्रत्येक मुद्रित तंबोरा हा कोठल्यातरी एका खऱ्या तंबोऱ्याचा नाद आहे. कोणीतरी त्याची घोडी घासली, सूत बसविले, तारा मिळविल्या. एका दिवशीचा तो नाद मुद्रित झाला आणि हजारो खोल्यांतून वाजू लागला. सॉफ्टवेअरच्या पानावर ध्वनिमुद्रकाचे नाव असते, वादकाचेही कधी कधी असते. वाद्य कोणी घडविले आणि जवारी कोणी काढली, ते बहुधा नसते. जुन्या तंबोऱ्यांच्या दांडीवर किंवा आत चिकटविलेल्या कागदावर कारागिराचे नाव, गाव आणि पेठ लिहिलेली असे. तो कागद पडद्यावरही चिकटविता येईल. त्याला फारशी जागा लागत नाही.